बब्रुवानची तुकडेजोड

बब्रुवान सरवदे दिसायला कसा होता, ते मला विचारू नका. लक्षात राहावं असं त्याच्या चेहऱ्यात काही नव्हतं. सडपातळ, सावळा, टेरिकॉटचा एकच फिका निळा शर्ट एक दिवसाआड धुऊन घालणारा. मुरुम आणि नळदुर्गच्या मधल्या माळावर जो सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथं तो चौऱ्याऐंशी साली टायपिस्ट म्हणून लागला. पुढं कारखान्यात कॉम्प्युटर आला, आणि इंग्रजी टायपिंगचा वेग बघून कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी त्यालाच त्याच्यापुढं बसवला. आख्ख्या तालुक्यात ते यंत्र एकच असावं. लोक खिडकीतून ते बघून जायचे, आणि त्याच्यापुढचा माणूस बघायचा राहून जायचा.

त्या यंत्राचं काम एकच होतं, पण त्यावर तीन हजार घरांचा जीव टांगलेला होता. तोडीची पाळी लावायची. ज्यांना ऊस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊस लावला की कारखान्याचा माणूस येऊन लागणीची तारीख लिहून घेतो. पावतीचा अर्धा भाग शेतकऱ्याला, अर्धा कारखान्याला. हंगाम लागला की ज्याची लागण आधी त्याचा ऊस आधी तोडायचा, असा कायदा. कायदा कागदावर. खरी पाळी लागायची ती शेतकी अधिकारी आण्णासाहेबांच्या खोलीत, चहाच्या कपावर. तिथं तारखा मागंपुढं व्हायच्या, आणि ज्याला ओळख नाही त्याचा ऊस उन्हाळ्यापर्यंत रानात उभा राहायचा. पाण्याच्या साली एकवेळ ठीक. पण ही सालं दुष्काळाची होती. विहिरीत दिवाळीपर्यंत पाणी टिकलं तरी देव पावला म्हणायचं, अशा साली पाळी चुकली तर उसाचं चिपाड होतं.

बब्रुवानच्या बापाचं, तात्यारावांचं, तेच झालं होतं. एक एकर ऊस, डिसेंबरात तुटायचा तो मे महिन्यात तुटला. बाप रोज पाच मैल चालत यायचा आणि शेतकी ऑफिसच्या पायरीवर बसायचा. आतल्या खोलीत पोरगा टायपिंग करतोय आणि बाहेर बाप पायरीवर, असे बावीस दिवस गेले. पोराला काही करता आलं नाही. टायपिस्टाचं कोण ऐकतो? तुटला तेव्हा त्या उसाला वजनच नव्हतं. त्या माणसानं जे अंथरूण धरलं ते पुढच्या आषाढात जीव गेला तेव्हाच सोडलं. शेत आई मुक्ताबाईच्या नावावर झालं. त्याच महिन्यात कारखान्यात कॉम्प्युटर आला.

मग बब्रुवाननं काय करावं? त्या यंत्राला असा चिकटला की बास. एरवी साहेबापुढं ज्याचा आवाज फुटत नसे तो माणूस मीटिंगमध्ये उभा राहून बोलला. म्हणाला, तारखा एकदा मशीनमध्ये गेल्या की मशीन सांगेल तीच पाळी, तोंडी काही चालायचं नाही. मोठ्या साहेबांना ते पटलं, का तर त्यांनाही आण्णासाहेबांचा काटा काढायचाच होता. पहिल्या साली पाळी बिनबोभाट लागली. विधवा बायांचे ऊस वेळेवर तुटले. बब्रुवाननं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावलं: "तोंडी चालणार नाही. पावती दाखवा."

इथवर सगळं चांगलं होतं. पण चांगल्या माणसाला एकदा यश चढलं की तो हात राखून वागत नाही, हे मी डोळ्यानं बघितलंय. सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये सगळ्या लागणी मशीनमध्ये भरून झाल्या. बब्रुवान साहेबांना म्हणाला, ही पावतीबुकं आता ठेवायची कशाला? कागद राहिला की कागदावर कुणीतरी खाडाखोड करणार आणि मशीन खोटं ठरवणार. साहेबांनी मान डोलावली. पंचनामा करून सगळी बुकं राखेच्या खड्ड्यात जाळली. आईच्या लागणीच्या पावतीचे तर दोन्ही तुकडे त्याच्याचकडं होते. तिचा अर्धा भागही त्यानं मागून घेतला होता. "तुला कशाला जपायला, माय? म्या हाय न्हवं तिथं," असं म्हणाला होता. तोही त्याच खड्ड्यात गेला. यादीसुद्धा दसऱ्याच्या आधी छापायची नाही, असं त्यानंच ठरवून घेतलं. यादी आधी छापली की तिला पाय फुटतात, म्हणायचा.

म्हणजे आता तीन हजार घरांच्या तारखा जगात दोनच जागी होत्या. शेतकऱ्याकडच्या पावतीवर आणि त्या यंत्राच्या पोटातल्या डिस्कवर. त्यातही मुक्ताबाईची एकाच जागी.

दसऱ्याला बॉयलर पेटवायचा आणि त्याच दिवशी पाळीची यादी फळ्यावर लावायची, अशी कारखान्याची रीत. दसरा आठ दिवसांवर आला आणि यंत्र रुसलं. गेल्या साली जी यादी चाळीस मिनिटांत लागली होती तिला आता सहा तास लागायला लागले. वीज काही सहा तास राहत नव्हती. दोनदा यादी लावायला घातली, दोन्ही वेळा चार तासांनी वीज गेली आणि सगळं पहिल्यापासून. बब्रुवान चेकडिस्कचा, म्हणजे डिस्क तपासायचा, हुकूम टाईप करून बघत बसला. पडद्यावर एकेका फायलीपुढं आकडे यायला लागले. सातव्या गटाची फाईल, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गावाकडची, एकशे चौदा तुकड्यांत विखुरली होती.

झालं होतं असं, की स्टोअरवाले, पगारवाले, पत्र लिहिणारे, सगळे त्याच डिस्कवर फायली भरायचे आणि पुसायचे. जिथं जागा रिकामी दिसेल तिथं यंत्र नवीन मजकूर कोंबायचं. एका फाईलचा एक तुकडा इथं, दुसरा पार तिकडं. वाटण्या होऊन होऊन एका घराचं रान दहा ठिकाणी व्हावं, अर्धा एकर ओढ्याकडं, पाच गुंठे सडकेला, तसं. मग औत तरी किती फिरवायचं? सरकारनं त्यावर तुकडेजोडीचा कायदा काढला, रानं सलग करून दिली. सोलापूरच्या इंजिनीअरनं असंच काम करणाऱ्या प्रोग्रामची एक फ्लॉपी बब्रुवानला देऊन ठेवली होती, आणि कोणते हुकूम कसे टाईप करायचे ते एका वहीच्या पानावर लिहून दिलं होतं. बब्रुवान त्या प्रोग्रामला तुकडेजोडच म्हणायचा. पानावर शेवटी दोन ओळी होत्या. आधी सगळ्याची नक्कल फ्लॉपीवर काढावी. आणि काम एकदा सुरू झालं की संपेपर्यंत यंत्र बंद करू नये, का तर प्रोग्राम एक तुकडा उचलून दुसरीकडं ठेवत असतो, आणि मधेच बंद पडलं तर तो तुकडा ना इथला ना तिथला.

दसऱ्याचे दोन दिवस वीज घालवणार नाही, असं वीज मंडळानं कळवलं होतं. बब्रुवाननं मुहूर्त धरला खंडेनवमीचा. अकरा गटांच्या अकरा फ्लॉप्या काढल्या, नंबर टाकले, पाकिटात घालून टेबलावर ठेवल्या. सकाळी साडेसहाला वहीचं पान पुढं ठेवून हुकूम टाईप केला. पडद्यावर चौकोन सरकायला लागले. दुपारी बारापर्यंत काम होणार होतं. यंत्रावर त्यानं कागद चिकटवला, "चालू आहे, हात लावू नये." आणि शिपाई धुळाप्पाला तोंडीही सांगितलं, "धुळाप्पामामा, माझ्या मशीनला आज हात लावायचा न्हाय."

"न्हाय लावत," धुळाप्पा म्हणाला. तो आपला शब्द पाळणारा माणूस.

आता तुम्ही म्हणाल, हा बाबा तिथंच का नाही बसून राहिला? सांगतो. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा. कारखान्यात लेथपासून पान्यापर्यंत सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, नारळ. नोकरीच्या पहिल्या साली बब्रुवान टाईपरायटरजवळ उभा होता, तर आण्णासाहेब हसत हसत चारचौघांत म्हणाले, "सरवदे, तुमच्यात पूजा चालत नाही ना आता?" बब्रुवानचं घर छप्पन्न सालापासून बौद्ध. नसेल चालत, पण ती गोष्ट तशी हसत सांगायची नसते. तेव्हापासून नवमीला नऊ वाजले की तो आपणहून उठायचा आणि कॅन्टीनमागच्या लिंबाखाली जाऊन बसायचा. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं, आणि कुणी ये म्हणूनही बोलावलं नव्हतं. त्या दिवशीही नऊला तो उठला. चौकोन नीट सरकत होते. पाऊण तासाचा तर प्रश्न होता.

परत आला तेव्हा पडदा काळा होता.

यंत्राला झेंडूची माळ होती. समोर नारळ फोडलेला. पितळी ताटात अकरा फ्लॉप्या गोलाकार मांडलेल्या, पाकिटातून बाहेर काढून. फ्लॉपीच्या काळ्या कव्हराला मधे एक लांबट खिडकी असते, त्यातून आतली तपकिरी चकाकणारी चकती दिसते. यंत्र वाचतं ते तिथूनच. त्या प्रत्येक खिडकीत, बरोबर मधोमध, ओल्या हळदकुंकवाचं बोट ओढलेलं होतं.

बब्रुवान खुर्ची धरून उभा राहिला. धुळाप्पा प्रसादाचं खोबरं घेऊन आला तर याचा चेहरा बघून तो जागीच थांबला.

"मामा, मशीन कुणी बंद केलं?"

"म्या हात न्हाय लावला, बब्रूभाऊ. आईशप्पत. पूजेला खटका पाडावा लागतो न्हवं, चालू हत्याराची पूजा कशी करणार? त्यो भिंतीवरचा मोठा खटका पाडला, आख्ख्या हापिसचा. दर साली पाडतो."

"अन् हे? ह्या फ्लॉप्या?"

"त्या तर मशिनीच्या बाहीर व्हत्या." धुळाप्पाचा आवाज बारीक झाला. "गेल्या साली बी बगितलं, सगळ्या हत्याराला हळदकुकू, अन् तुमच्या मशिनीला कायच न्हाय. पोरक्यावानी दिसत व्हतं. म्हनलं, तुमी न्हाय तर आपुन करू. तुमी तिच्यावर किती जीव लावता, दिसतंय की मला."

बब्रुवानच्या तोंडात शिवी आली होती ती तिथंच राहिली. ह्या कारखान्यात त्याच्या नावानं कुणी काही मायेनं केलं असेल तर ते हे एवढंच, आणि नेमकं त्याच मायेनं सगळ्याची वाट लावली होती. तो एक वेळ तिथं असता, नुसतं लांबून "राहू द्या" म्हटलं असतं, तरी भागलं असतं. तो डोकं धरून खाली बसला आणि रडला. धुळाप्पाला लिहिता वाचता येत नव्हतं, पण आपल्या हातून काही मोठं झालंय एवढं त्याला कळलं. खोबरं हातातच धरून तोही शेजारी बसला.

सोलापूरला फोन लावला तर नुसतीच घंटा वाजत राहिली. इंजिनीअर सणाला गावी गेलेला. बब्रुवाननं यंत्र चालू केलं. डिस्क जिवंत होती, पण नुसती नावाला. फायलींची नावं होती आणि आत भलताच मजकूर. उसाच्या फाईलमध्ये स्टोअरचे बोल्ट. त्यानं तोंडावर पाणी मारलं, वहीचं पान काढलं आणि चेकडिस्कपुढं स्लॅश देऊन एफ टाईप केला. या हुकमानं यंत्र हरवलेले तुकडे गोळा करतं आणि प्रत्येकाला नुसता नंबर देऊन ठेवतं. कुणाचा तुकडा ते सांगत नाही. असे चारशे सहा तुकडे निघाले.

मग एकेक तुकडा उघडून वाचायचा, आतली नावं ओळखायची, कोणत्या गावची ते आठवायचं आणि तुकड्याला तुकडा जोडायचा. हा माणूस दिवसभर तेच करत होता. नशीब एवढंच की तीन हजार नावं त्यानं स्वतःच्या बोटांनी टाईप केली होती, त्यातली निम्मी त्याला तोंडपाठ होती. संध्याकाळपर्यंत दहा गट उभे राहिले. प्रोग्रामनं जी तुकडेजोड अर्ध्यात सोडली ती त्यानं हातानं केली. सातवा गट तेवढा सापडेना. खटका पडला तेव्हा प्रोग्रामच्या हातात नेमकी तीच फाईल होती. तिची निम्मी जुनी जागा पुसली गेली होती आणि नव्या जागी काही पोचलंच नव्हतं. दोनशे ऐंशी घरं. त्यात त्याची आई.

आता राहिली होती ती सातव्या नंबरची फ्लॉपी, कुंकवाची.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी सातला तो आला तर धुळाप्पा आधीच दारात बसलेला. शेजारी एक कळशी. त्या साली गावाला चार दिवसांनी टँकर यायचा, कळशीभर पाण्यासाठी बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. "घरचं पानी आनलंय," तो म्हणाला. "उकळून, गाळून. धुवून निघतंय का बगू."

बब्रुवाननं ब्लेडनं कव्हर कडेनं कापलं आणि आतली पातळ चकती काढली. कांद्याच्या पातीसारखी लवलवत होती. धुळाप्पानं ती आपल्या हातात घेतली. हा धनगराचा हात, नुकतं जन्मलेलं कोकरू पुसून काढणारा. बोटाच्या टोकानं, जोर न देता, त्यानं पाण्यात ते कुंकू सोडवलं. लाल उतरलं, पिवळं उतरलं. मऊ धोतराच्या पदरावर चकती सुकवली, नव्या फ्लॉपीचं कव्हर फाडून त्यात घातली. बब्रुवाननं ती यंत्रात सारली आणि नक्कल करायचा हुकूम दिला.

यंत्र घरघरलं. दिवा लागला. वाचतंय. जवळजवळ शेवटापर्यंत वाचलं, आणि मग पडद्यावर ओळ आली. वाचता येत नाही. अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर. म्हणजे सोडून देऊ, पुन्हा बघू, की कानाडोळा करून पुढं जाऊ?

त्यानं आर दाबला. पुन्हा तीच ओळ. पुन्हा आर. पुन्हा तीच. बाहेर बॉयलरच्या पूजेला लोक जमायला लागले होते, सनईची रेकॉर्ड लागली होती, आणि आत हा माणूस एकच बटण दाबत होता. शंभरदा दाबलं असेल, दोनशेदा. फ्लॉपी काढली, पुसली, फुंकली, परत घातली. परत आर. धुळाप्पा मागं हात जोडून उभा. साडेनऊ झाले. तुकडे जोडले गेल्यानं आता यादी लावायला दीड तास, छापायला एक तास. एकला फळ्यावर पाहिजे, नाहीतर आण्णासाहेब हातानं यादी करणार, तसं त्यांनी साहेबांना सांगूनही ठेवलं होतं. आणि ती यादी कशी असणार, हे पायरीवर बसलेल्या बापानं बब्रुवानला आधीच दाखवून ठेवलं होतं.

पावणेदहाला त्यानं आय दाबला. कानाडोळा. यंत्र ती एक जागा टाकून पुढं गेलं आणि नक्कल पुरी झाली. दोनशे ऐंशीपैकी दोनशे पंच्याहत्तर नावं स्वच्छ निघाली. पाच नावांच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं. कुणाची ती पाच, कळायला मार्ग नव्हता. त्यानं आईचं नाव शोधायचा हुकूम दिला. यंत्रानं उत्तर दिलं, सापडत नाही.

गेली किती, तर तीन हजारांतली पाच. दुसरा कुणी म्हणाला असता, जिंकलो. बब्रुवाननं यादी लावायला घातली, छापली, एक वाजता फळ्यावर डकवली. खाली हातानं लिहिलं: "सातव्या गटात ज्यांचं नाव दिसत नाही त्यांनी आज पाचपर्यंत पावती घेऊन यावं. पावतीवरच्या तारखेप्रमाणं पाळी लागेल. पावती नसल्यास नाव शेवटी."

लोक यादीवर तुटून पडले. दोघं तिथंच भेटले, पावती टोपीत खोचून आलेले. तिसरा सायकलवर गावी जाऊन घेऊन आला. चौथी एक म्हातारी, म्हाळसाबाई, तिनं पावती चोळीच्या गाठीत बांधून ठेवली होती, घामानं तारीख फिकट झालेली, पण वाचता आली. चार नावं झाली. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

आण्णासाहेब आत आले. दार लोटून घेतलं. "सरवदे, पाचवं नाव मुक्ताबाईंचं, होय ना? मला कळतं सगळं." ते खुर्चीवर बसले, आवाज मऊ केला. "तारीख तुला पाठ असेल. टाक की. आईची आहे, चोरी थोडीच आहे? मी काही बघितलं नाही. फक्त माझ्याही दोन माणसांच्या तारखा पंधरा दिवस अलीकडं घे. दोघंच. मशीनला काय कळतंय."

तारीख पाठ होती. सात जानेवारी. आईबरोबर त्यानंच बेणं टाकलं होतं, सुट्टी काढून. कार्तिकात पाळी आली असती, तोवर विहीर टिकली असती. बोटं बटणांवरच होती. एका ओळीचं काम. आणि आईच्या त्या तारखेत खोटं काहीच नव्हतं, हे त्याला जास्त लागलं. एक खरी तारीख घालायची आणि तिच्या पोटात दोन खोट्या.

धुळाप्पा दारातून म्हणाला, "सायेब, माज्या समूर लागन झाली हो तिथं. माज्या भावाची, सिदूची, मेंढरं बसली व्हती त्या रानात, खताला. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात आमी मेंढरं उठवली, अन् मुक्ताबाईनं सऱ्या पाडल्या. म्या शपतेवर सांगतो."

आण्णासाहेब भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडं बघून हसले. तोंडी चालणार नाही, पावती दाखवा. अक्षर बब्रुवानचंच होतं.

बब्रुवाननं घड्याळ बघितलं. पाच वाजले. मग त्यानं पेन काढलं, बाहेर जाऊन फळ्यावरच्या यादीच्या अगदी खाली, शेवटच्या नंबरखाली, हातानं लिहिलं: सरवदे मुक्ताबाई तात्याराव, एक एकर, पावती नाही. एप्रिलच्या आत त्या नंबरला पाळी येणार नव्हती. आण्णासाहेब निघून गेले, आणि त्यांच्या त्या दोन माणसांची पाळी जिथं होती तिथंच राहिली. त्याबद्दल कुणी बब्रुवानला शाबासकी दिली, असं झालं नाही. खोटं कशाला सांगू.

तो चालत घरी निघाला. पाच मैल. त्या वाटेनं बाप बावीस दिवस गेला होता आणि आला होता. गावात दसऱ्याची सभा होऊन गेली होती, बुद्धविहारापुढं निळ्या पताका होत्या, पोरं जिलेबी खात होती. मुक्ताबाई रानात होती. विहिरीतून पोहऱ्यानं पाणी काढून घागरीनं उसाच्या बुडाला घालत होती, ओळीत एक टाकून एक, का तर सगळ्यांना पुरत नव्हतं. ऊस अजून हिरवा होता. पोराला बघून तिनं घागर खाली ठेवली.

"लागली का पाळी?" तिनं विचारलं. "कार्तिकात न्हवं?"

बब्रुवाननं सांगितलं. सगळं सांगितलं, खटका, कुंकू, फ्लॉपी, जाळलेली पावती, आण्णासाहेब, फळा. काही लपवलं नाही. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. शेवटचा नंबर तेवढा कळला.

"माय, म्या काय करायला पायजे व्हतं, सांग," तो म्हणाला.

"काय न्हाय," ती म्हणाली. "तुज्या बापाचं बी असंच झालतं. तवा लिवनारा दुसरा व्हता, एवढंच."

मग तिनं घागर उचलली आणि परत विहिरीकडं गेली.